भुवई दिसेल इतक्या अंतरावरून

बैठकीच्या लावणीत गायिका बसून गाते. पायांना मोकळीक नसते, म्हणून सगळा नाच चेहऱ्यावर, मानेत, मनगटात आणि बोटांत उतरतो. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते. पहिल्यांदा रुसून, दुसऱ्यांदा समोरच्याला डिवचून, आणि तिसऱ्यांदा ओळ अर्ध्यावर सोडून उरलेली नुसत्या डोळ्यांनी पुरी करते. समोर हशा पिकतो, कारण ती ओळ पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांना उद्देशून असते आणि त्यांना नजर कुठे ठेवावी ते कळत नसतं. ढोलकीवाला हसत हसत एक थाप जास्तीची देतो. या सगळ्याला अदा म्हणतात, आणि ती दहा-बारा फुटांवरून बघायची गोष्ट आहे. शंभर फुटांवर गाणं पोचतं, अदा पोचत नाही.

वाईच्या यमुनाबाई वाईकरांचं नाव या कलेच्या संदर्भात पहिल्यांदा घ्यावं लागतं. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्या गेल्या. पुण्याचं आर्यभूषण थिएटर असो की पुणे-सोलापूर रस्त्यावरचं चौफुला, संगीतबारीच्या कलावंतिणींनी ही कला लहान खोल्यांमध्ये, मोजक्या लोकांसमोर जिवंत ठेवली. पांढरपेशा मराठी माणूस बराच काळ तिकडे फिरकला नाही. भूषण कोरगावकर यांचं ‘संगीत बारी’ हे पुस्तक २०१४ साली आलं आणि पुढे सावित्री मेधातुल यांच्यासोबत त्यांनी याच नावाचा रंगमंचीय कार्यक्रम उभा केला. शकुंतलाबाई नगरकर त्यात अदा करू लागल्या की प्रेक्षागृहातल्या बायकाही मोकळेपणाने खळखळून हसतात. गाणं आणि विनोद इथे एकाच श्वासात येतात. ते वेगळे काढायला गेलं तर दोन्ही अर्धे राहतात.

मराठी माणसाला गंमत आणि गाणं एकत्र ऐकायची सवय जुनी आहे. तमाशात गण-गौळणीनंतर बतावणी असायचीच. पु. ल. देशपांडे एकीकडे ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी करत होते आणि दुसरीकडे पेटीवर बसले की गाणाऱ्यालाही उत्साह यायचा. ‘चाळी’चे एकपात्री प्रयोग १९६१ साली सुरू झाले. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये बावन्न पात्रं एकट्याने रंगवली. ही माणसं मोठी नाट्यगृहंही आपल्या घरच्या ओसरीसारखी करून टाकत. पण ते त्यांचं असामान्यपण होतं. बाकीच्या कलाकारांना तेवढी जवळीक साधायला जागाही तशीच लागते.

जागेचा आणि रंगतीचा संबंध कसा असतो, ते थोडं उलगडून बघण्यासारखं आहे. नाट्यगृहं बांधणारे लोक साधारण वीस मीटरची मर्यादा सांगतात. त्यापलीकडे बसलेल्याला नटाच्या चेहऱ्यावरचे बारीक भाव नीट दिसत नाहीत. दुसरी गोष्ट आवाजाची. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. खोली दहा मीटर लांबीची असेल तर शेवटच्या रांगेतलं हसू रंगमंचावर सेकंदाच्या तीन शतांश भागात पोचतं, आणि एवढा लहान फरक कानाला जाणवत नाही. पुढचा-मागचा हशा मिळून एकच होतो. पस्तीस मीटर लांबीच्या सभागृहात हाच वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा होतो. तिथे हशा लाटेसारखा मागून पुढे येतो आणि विनोद सांगणाऱ्याला ती लाट ओसरेपर्यंत थांबावं लागतं. छत बुटकं असेल तर हसू वर विरून न जाता लगेच परत खाली येतं. न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये १९८२ साली सुरू झालेला कॉमेडी सेलर तळघरात आहे. तिथली गर्दी आणि बुटकं छत विनोदी कलाकारांना अडचणीचं वाटत नाही, उलट हवंहवंसं वाटतं.

हसणं मुळातच संगतीचं काम आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी लोकांच्या हसण्याच्या नोंदी ठेवल्या, तेव्हा माणूस एकट्यापेक्षा चारचौघांत सुमारे तीसपट जास्त हसतो असं त्यांना दिसलं. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी पुढचं पाहिलं: एकत्र बसून पोटभर हसल्यावर माणसाची वेदना सोसण्याची ताकद वाढलेली असते. त्यांचे काही प्रयोग एडिंबराच्या फ्रिंज महोत्सवातल्या खऱ्या विनोदी कार्यक्रमांना आलेल्या प्रेक्षकांवरच झाले. शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी माणसाचा खांदा हसताना हलतो, ते आपल्याला जाणवतं आणि आपलंही हसू वाढतं. फोनवर तोच विनोद एकट्याने पाहिला तर ओठ थोडे हलतात, एवढंच.

गाण्याच्या मैफलीत हाच व्यवहार अधिक नाजूक असतो. ध्वनिवर्धक येण्याआधी मैफलीचा आकार गळ्याच्या ताकदीवर ठरत असे. गिरगावात लक्ष्मी बागेत, ट्रिनिटी क्लबात, ऑपेरा हाउसजवळच्या प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या संगीत विद्यालयात कितीतरी मोठे गवई जाणकारांच्या छोट्या घोळक्यासमोर गायले. देवधरांकडे वेगवेगळ्या घराण्यांचे कलावंत येत आणि त्यांच्याकडेच शिकणारा लहानगा कुमार गंधर्व ते सगळं कान देऊन ऐकत असे. अशा बैठकीत पहिल्या रांगेत कोण बसलंय ते गाणाऱ्याला दिसतं. एखादी अवघड जागा घेऊन समेवर येताना समोरच्या म्हाताऱ्याची मान हलली, तर पुढचं आवर्तन तो त्याच वाटेने आणखी खोल नेतो. मान नाही हलली, तर वाट बदलतो. तबलजी समेवर गालातल्या गालात हसतो, तानपुऱ्यावरचा शिष्य डोळे मिटतो, कुणी तरी नकळत ‘अहा’ म्हणून जातं. त्या ‘अहा’नेही रागाची पुढची वाट ठरते.

मायक्रोफोनने गाणाऱ्याचं कुजबुजणंही हजारोंपर्यंत नेलं. त्याबद्दल तक्रार करायचं कारण नाही. १९५३ साली भीमसेन जोशींनी पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने शास्त्रीय संगीत किती घरांत पोचवलं, हे सगळ्यांना माहीत आहे. आता मोठ्या मांडवांत भव्य पडदेही असतात. पडद्यावर चेहरा मोठा होतो, पण तो चेहरा तुमच्याकडे बघत नसतो. लहान जागेत तो बघतो.

मुंबईत जुहूला पृथ्वी थिएटर आहे. पृथ्वीराज कपूर यांची फिरती नाटक कंपनी १९६० साली बंद पडली होती. त्यांचं नाव पुढे चालावं म्हणून शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी वास्तुरचनाकार वेद सेगन यांच्याकडून ही जागा बांधून घेतली आणि ५ नोव्हेंबर १९७८ रोजी ती सुरू झाली. पहिलं नाटक मराठी मातीतलंच होतं: गो. पु. देशपांडे यांचं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, हिंदीत. नसिरुद्दीन शाह, ओम पुरी आणि बेंजामिन गिलानी त्यात होते. खुर्च्या सुमारे दोनशे, आणि त्याही रंगमंचाच्या तिन्ही बाजूंनी. नट घामाघूम झाला तर दिसतं, धाप लागली तर ऐकू येते. जेनिफर १९८४ साली गेल्या. त्यानंतर त्यांच्या वाढदिवशी, २८ फेब्रुवारीला, झाकीर हुसेन या छोट्या रंगमंचावर वर्षानुवर्षं तबला वाजवत असत. जगभरची मोठमोठी सभागृहं भरवणारा तो कलावंत दोनशे माणसांसमोर वाजवायला आवर्जून यायचा. पहिल्या रांगेतल्याला बोट तबल्याच्या चाटीवर पडतंय की मैदानावर, शाईवर पडतंय की काठावर, हे डोळ्यांनी बघता येई. कानाला नाद वेगळा का लागतो, याचं उत्तर तिथे डोळ्यांना मिळतं.

दादरची छबिलदास शाळा हे आणखी निराळं प्रकरण. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या ‘आविष्कार’ने १९७४ पासून त्या शाळेच्या सभागृहात नाटकं सुरू केली आणि पुढची दीड-दोन दशकं मराठी प्रायोगिक रंगभूमीचं घर तिथे होतं. जागा काही नाट्यगृह म्हणून बांधलेली नव्हती. खाली दादर स्टेशनबाहेरची गर्दी, गल्लीत तळल्या जाणाऱ्या बटाटेवड्यांचा वास, आणि वर काही जुजबी दिव्यांच्या उजेडात नवं नाटक. व्यावसायिक रंगमंचावर जे करायचं धाडस झालं नसतं ते इथे करून बघता आलं, कारण फसलं तरी नुकसान थोडं होतं. पुण्यात शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचानेही अनेक नव्या लेखकांना आणि नटांना अशीच पहिली संधी दिली.

आजच्या स्टँडअप विनोदालाही नेमकं हेच हवं असतं. लंडनचं कॉमेडी स्टोअर १९७९ साली सोहोत सुरू झालं, त्याची शाखा २०१० साली लोअर परळला आली आणि मुंबईच्या विनोदी कलाकारांना एक नियमित रंगमंच मिळाला. पण घडण झाली ती त्याहून लहान जागांत, कॅफेच्या मागच्या खोलीत चालणाऱ्या ओपन माइकमध्ये. तिथे नवख्याला चार-पाच मिनिटं मिळतात. वही उघडून तो विनोद सांगतो, पडलेल्यावर काट मारतो, हसू आलेल्यापुढे खूण करतो. एखादं वाक्य ‘आणि’ने सुरू केलं की हसू येतं आणि ‘पण’ने केलं की येत नाही, असले शोध त्याला इथेच लागतात. यूट्यूबवर लाखो लोक बघतात तो तासाभराचा कार्यक्रम अशा कितीतरी संध्याकाळी घासूनपुसून तयार झालेला असतो. २०१६ साली सुरू झालेल्या ‘भाडिपा’ या यूट्यूब वाहिनीने मराठीतही या प्रकाराला प्रेक्षक मिळवून दिला. सासूबाई, सोसायटीची सभा, एमपीएससीची तयारी, गावाकडचा चुलता, हे विषय आपल्या भाषेत ऐकताना हशाआधी ओळखीचं ‘हो, अगदी!’ निघतं. चाळीस माणसांच्या खोलीत ते सांगणाऱ्याला स्पष्ट ऐकू येतं.

अशा जागा टिकवणं मात्र फार कठीण झालं आहे. साधा हिशेब करावा. समजा, शंभर खुर्च्या आणि चारशे रुपयांचं तिकीट. सगळं भरलं तरी चाळीस हजार. त्यातून मुंबईतलं भाडं, ध्वनी आणि प्रकाशयोजना, तिकीट विकणाऱ्या ॲपचं कमिशन, कामगारांचे पगार वजा केले की कलाकाराच्या हातात थोडं उरतं आणि जागा चालवणाऱ्याच्या हातात त्याहून थोडं. चार संध्याकाळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर महिना तोट्यात जातो. पैशाखेरीज इतरही आघात होतात. खारमधलं हॅबिटॅट हे कविता, गाणं आणि विनोद तिन्हींना जागा देणारं ठिकाण. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या कार्यक्रमातल्या राजकीय विडंबनावरून शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी तिथे तोडफोड केली आणि चालकांनी ती जागा बंद ठेवत असल्याचं जाहीर केलं. विनोद कुणाला आवडला, कुणाला नाही, हा वाद होऊ शकतो. खुर्च्या मोडण्याचं समर्थन होऊ शकत नाही. आणि एक लहान जागा बंद पडली की तिथे पहिल्यांदा उभं राहू पाहणाऱ्या कितीतरी पोरापोरींची वाट बंद होते.

म्हणून रसिकांनी तिकडे जावं, आणि जाताना थोड्या तयारीने जावं. पृथ्वीमध्ये प्रयोग सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत. हा नियम इतर छोट्या जागांतही मनाने पाळण्यासारखा आहे, कारण उशिरा आलेला माणूस सगळ्यांच्या आणि कलाकाराच्याही नजरेसमोरून जातो. फोनचा पडदा अंधारात पेटला तर शेजारच्या दहा जणांचं लक्ष उडतं. स्टँडअपच्या कार्यक्रमात कलाकाराने आपणहून विचारलं तर उत्तर द्यावं, तेही थोडक्यात. मधेच आपला विनोद घुसवू नये. गाण्याच्या बैठकीत दाद समेवर किंवा जागा संपल्यावर द्यावी. जाणकार नसलो तरी घाबरायचं कारण नाही. शेजारच्या चार जाणत्यांची मान कुठे हलते ते बघत दोन-तीन बैठका ऐकल्या की कान आपोआप तयार होतो. शक्यतो पुढे बसावं. आपल्याकडे पहिली रांग रिकामी ठेवून मागे गर्दी करण्याची सवय आहे, तिने कलाकाराचा निम्मा उत्साह जातो.

नवा मजकूर आजमावण्यासाठी ठेवलेले ट्रायल शो तर आवर्जून बघावेत. तिकीट कमी असतं, काही विनोद साफ पडतात, काही अर्ध्यावर सापडतात. कार्यक्रम संपल्यावर लहान जागेत कलाकार मागच्या दाराने गाडीत बसून निघून जात नाही. बहुतेक वेळा तो बाहेर चहाचा कप घेऊन उभा असतो. त्याला जाऊन बोलावं. नुसतं ‘छान झालं’ म्हणून निघू नये. कोणत्या वाक्याला, कोणत्या तानेला, कोणत्या थांबण्याला आपण हललो, ते नेमकं सांगावं. पुढच्या प्रयोगात तो ती जागा सांभाळून ठेवतो.