ओल्ड मिस्टिकचा सायडर-घाणा

सप्टेंबर उलटून मेपलच्या पानांवर तांबूस झळाळी चढू लागली, की अमेरिकेच्या न्यू इंग्लंड प्रांतात गावोगावी सफरचंदांचा जो उत्सव भरतो, त्यात गोड तळणाचा घमघमाट, भोपळ्यांचे ढीग आणि पोराबाळांचा गलबला यांपुढे ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो रसच पुष्कळदा उपेक्षित राहतो. कनेक्टिकट संस्थानातील ओल्ड मिस्टिक या लहानशा गावी ‘बी. एफ. क्लाइड्स सायडर मिल’ नावाचा जो घाणा आहे, तेथे मात्र अद्याप रसाचाच अंमल चालतो.

बेंजामिन क्लाइड याने हा धंदा 1881 साली आरंभिला, आजची इमारत 1898 सालची, आणि कारभार अजून त्याच्याच वंशजांकडे आहे. वाफेवर चालणारा अमेरिकेतील हा अखेरचा सायडर-घाणा म्हणून 1994 साली यांत्रिक अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेने (एएसएमई) त्यास यांत्रिक अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा बहाल केला. परंतु असा बहुमान लाभलेली यंत्रे बहुधा दोरखंडाच्या पलीकडे निमूट उभी असतात, आणि हे यंत्र दरसाल मोसमात स्वतःचे पोट स्वतः भरते, याचेच मला अधिक अप्रूप वाटते.

बाष्पकात वाफ धरली की इंजिनाचे चाक फिरू लागते, त्यावरून पट्टे आणि दांड्या गती घेतात. सफरचंदे वर चढून चरकात शिरतात आणि त्यांचा लगदा खाली अंथरलेल्या फडक्यात पडतो. येथून पुढे काम हाताचे. लगदा चारी कोपऱ्यांपर्यंत सारखा पसरायचा, फडक्याची टोके आत दुमडायची, वर लाकडी जाळी ठेवायची, तीवर पुन्हा फडके, पुन्हा लगदा. एखादा थर कलता बसला, तर दाबाखाली सारी चळत एका अंगाला घसरलीच म्हणून समजावे. दाबयंत्र अजून खाली उतरलेलेही नसते, तोच वरच्या थरांच्या नुसत्या भाराने फडक्यांच्या कडांतून रस पाझरू लागतो, आणि आधी फिकट दिसणारा तो रस वारा लागताच पिंगट होतो. सुमारे 19 किलो सफरचंदांमागे 11 लिटर रस पदरात पडतो. फडक्यात उरतो तो कोरडा चोथा.

या रसाच्या नावाचा मात्र घोटाळा आहे. विलायतेत सायडर म्हटले की मद्यच समजतात. अमेरिकेत तेच नाव न गाळलेल्या गोड रसाला, आणि आंबवलेल्यास ‘हार्ड सायडर’. 1840 च्या अध्यक्षीय निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन याच्या पक्षाने हार्ड सायडरचे पीप मिरवून मते मागितली, इतके ते पेय सामान्य शेतकऱ्याच्या घरचे होते. पुढे बिअरने त्याची जागा बळकावली, आणि उरलीसुरली कसर 1920 ते 1933 च्या दारूबंदीने भरून काढली. क्लाइड यांच्याकडे आज दोन्ही मिळतात. माझे मत विचाराल, तर पहिला पेला गोड रसाचाच घ्यावा.

जायचे असेल त्याने ऑक्टोबरातला शनिवार किंवा रविवार धरावा, म्हणजे इंजिन वाफेवर चालताना पाहता येईल. डोनटसाठी लागलेली रांग लांबलचक असते; तिच्यात मागाहून उभे राहावे.