नखाएवढी चिनीमाती

जोयडा तालुक्यात कुंभारवाडा नावाचे गाव आहे. दातांवर बसवायच्या पोर्सेलिनच्या पापुद्र्यांविषयी, म्हणजे व्हेनिअरविषयी, लिहायला घेतले आणि आधी हेच नाव आठवले. कारण हे कामही कुंभाराच्याच जातीचे. पूड पाण्यात कालवायची, आकार द्यायचा, भट्टीत भाजायचा. फरक एवढाच की यात माती जवळजवळ नसते. कपबशीत केओलिन ही पांढरी माती भरपूर असते. पण तिने वस्तू अपारदर्शक होते, आणि खरा दात तर थोडा उजेड आत घेतो. म्हणून इथे मुख्यतः फेल्डस्पार आणि थोडे क्वार्ट्झ. तंत्रज्ञ ब्रशने एकेक थर चढवून तो 900 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतो. भाजताना पुडीचे आकारमान पाव ते एक तृतीयांश घटते, तेव्हा घडवताना सगळे जरा मोठेच घडवायचे.

तयार पापुद्रा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, नखाएवढा जाड. सुटा असताना बोटांत दाबला तरी मोडेल. मग तोच पटाशीच्या दातावर बसला की भाकरीचा घास कसा तोडतो?

यातली खरी करामत चिनीमातीची नाही, डिंकाची आहे. 1930 च्या आसपास हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस हे दंतवैद्य नटनट्यांच्या दातांवर पातळ कवच लावून देत. पण ते चिकटवायचे कवळी बसवण्याच्या पुडीने! चित्रीकरण संपले की काढून ठेवायचे, जेवायची तर सोयच नाही. वाट सापडली 1955 मध्ये. धातूला रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत आधी फॉस्फरिक आम्ल लावत, हे मायकेल बुओनोकोर यांना ठाऊक होते. तेच त्यांनी दातावर करून पाहिले. आम्लाने एनॅमलला, म्हणजे दातावरच्या कठीण थराला, डोळ्यांना न दिसणारी भोके पडली, त्यांत चिकटवायची राळ शिरून घट्ट झाली आणि दाताला मुळे रोवल्यासारखी धरून बसली. पुढे 1983 च्या सुमारास सायमनसेन आणि कॅलामिया यांनी पोर्सेलिनच्या आतल्या बाजूलाही हायड्रोफ्लोरिक आम्लाने असेच खरखरीत केले. दोन्हीकडून राळेची पकड बसली आणि पापुद्रा दाताचाच भाग होऊन राहिला. दाबले तर चिनीमाती सोसते, वाकवले तर तडकते. पाठीशी घट्ट दात आला की तिला वाकायला जागाच उरत नाही.

पण ही पकड पक्की बसते ती एनॅमलवर. त्याखालच्या डेंटिनवर ती तितकी भरवशाची नाही. आणि पापुद्र्याला जागा करण्यासाठी बहुधा तेच एनॅमल घासावे लागते. हिरडीजवळ ते मुळात जेमतेम मिलिमीटरचा तिसरा हिस्सा! ते घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपून गेलेल्या असतात, त्यामुळे घासलेले पुन्हा येत नाही. पापुद्रे दहा-पंधरा वर्षे, कधी त्याहूनही जास्त टिकतात. निघाले किंवा फुटले की नवे बसवावे लागतात. एकदा या वाटेला लागलेला दात जन्मभर याच वाटेवर राहतो. जाहिरातीत हे वाक्य बारीक अक्षरांतही सापडत नाही.

आपल्याकडे पान-सुपारीच्या घरांत लाल-काळे दात ही नवलाई नाही. पण ते डाग बहुतेक वरवरचे असतात, किटणावर बसलेले. साध्या सफाईने निघतात. त्यासाठी व्हेनिअर म्हणजे भिंतीवरची धूळ झटकायची सोडून भिंतच तासण्याचा प्रकार. लहानपणीच्या अति फ्लोराइडमुळे किंवा टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांमुळे आतपर्यंत मुरलेला रंग, कोपरा तुटलेला दात, मधली फट, अशांना मात्र पापुद्र्याचा खरा उपयोग आहे. झोपेत दात खाणाऱ्याने दहादा विचार करावा. आणि व्हेनिअर बसवल्यावर सुपारी फोडायला अडकित्ताच घ्यावा.

जोयड्याहून बेळगाव, धारवाड किंवा गोव्यातले बांबोळी गाठले की तिथे दंत महाविद्यालये आहेत. जाल तेव्हा आधी सफाई करून घ्या आणि मग आरशात पाहा. तरीही व्हेनिअर हवेच वाटले, तर दाताचा रंग निवडायची पट्टी हातात घेण्याआधी डॉक्टरांना एवढेच विचारा: माझा दात किती घासणार?