बंदरावरची उन्हाळी पहाट

मुंबईची म्हणून जी छायाचित्रे आपण दिनदर्शिकांवर आणि उपाहारगृहांच्या भिंतींवर पाहतो, त्यांतील बहुसंख्य सायंकाळची आणि पश्चिम किनाऱ्यावरची असतात. मरीन ड्राइव्हची दिव्यांची कमान, हाजी अलीचा दर्गा, वांद्रे-वरळी सागरी सेतूमागे बुडणारे सूर्यबिंब, हा त्यांचा ठरलेला संसार. यात छायाचित्रकारांचा फारसा दोष नाही. सायंकाळी माणसाला सवड असते आणि पश्चिमेस समुद्र मोकळा असतो. परंतु ज्या पाण्याच्या आश्रयाने हे शहर वाढले, ज्याच्या काठी १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन होऊन पुढे १८८० साली प्रिन्सेस डॉक, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक अशी गोद्यांची मालिका उभी राहिली, ते बंदर शहराच्या पूर्वेस आहे; आणि विलायतेहून आगबोटीने येणाऱ्यांना मुंबईचे दर्शन घडले तेही याच बाजूने. पश्चिमेकडून काढलेले चित्र हे, स्पष्टच बोलायचे तर, शहराच्या पाठीचे चित्र होय. त्याचे तोंड पाहावयाचे असेल तर ज्या वेळी सूर्य बंदरापलीकडच्या डोंगरांतून वर येतो त्या वेळी, म्हणजे पहाटे, पूर्वेच्या धक्क्यांवर हजर राहिले पाहिजे.

हजर राहिले पाहिजे तेही सूर्योदयापूर्वी, आणि हीच गोष्ट छायाचित्रणाच्या इंग्रजी पुस्तकांवर विसंबणाऱ्या हौशी माणसाच्या ध्यानात येत नाही. सूर्य वर आल्यानंतरच्या पहिल्या तासाची महती ही पुस्तके मुक्तकंठाने गातात. पण ती लिहिली गेली उत्तरेकडच्या मुलखांत, जिथे सूर्य क्षितिजाशी तिरकस चढतो. लंडनमध्ये जून महिन्यात संधिप्रकाशाचा उजळ भाग पाऊण तास टिकतो. मुंबई एकोणिसाव्या अक्षांशावर असल्यामुळे इथे सूर्य जवळजवळ उभा चढतो आणि तेवढाच संधिप्रकाश सुमारे चोवीस मिनिटांत आटोपतो. मेच्या अखेरीस सूर्योदय सहाच्या सुमारास होतो. त्यानंतर अर्ध्या तासात ऊन पांढरे पडू लागते, सावल्यांना धार येते आणि सातपर्यंत चित्रातली सगळी मृदुता नाहीशी होते. सारांश, साडेपाच ते सव्वासहा एवढीच आपली मुदत. आणि तिच्यातलाही पूर्वार्धच मोलाचा, कारण त्या अवधीत आकाशाचा निळा उजेड आणि धक्क्यावरच्या दिव्यांचा पिवळा उजेड यांचे बल क्षणभर सारखे होते व दोन्ही एकाच चित्रात सुखाने नांदतात.

उन्हाळ्यातली हवा हा दुसरा विषय. मे महिन्यात पहाटेची हवा बाष्पाने जड असते. समुद्रावरून आलेले क्षारांचे सूक्ष्म कण हे बाष्प शोषून फुगतात, त्यांत शहराचा धूर मिसळतो, आणि बंदरावर एक दुधट पडदा पसरतो. पलीकडचा किनारा त्यात लोपतो. पुष्कळांना ही आपत्ती वाटते. मला ती सोय वाटते, कारण या पडद्यामुळे उगवतीचे बिंब डोळ्यांना सोसेल इतके मंद आणि केशरी होते, नांगरलेली जहाजे अंतराप्रमाणे एकामागून एक फिकट होत जातात, आणि सपाट कागदावर खोलीचा जो आभास निर्माण करण्यासाठी चित्रकार झटतो तो आयताच मिळतो. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली; डॉक्टर भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार. त्या पिढीला मात्र हा रंगसोहळा पकडणे अशक्यप्राय होते. तेव्हाच्या कलोडियनच्या काचा ओल्या असतानाच वापराव्या व धुवाव्या लागत, मुंबईच्या उष्म्यात त्यांवरचा लेप झपाट्याने वाळे, आणि त्या लेपाला निळा प्रकाश कळे, तांबडा जवळपास कळतच नसे. आजचा यांत्रिक डोळा तांबडा प्रकाश उत्तम जाणतो. पण वातानुकूलित खोलीतून तो एकदम बाहेर आणला तर भिंगावर दव धरते आणि मोलाची दहा मिनिटे ते पुसण्यात जातात. कॅमेरा पिशवीत बंद ठेवून घरातून निघण्यापूर्वी अर्धा तास गॅलरीत ठेवावा, म्हणजे ही हरकत उरत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळ्यांत चार-पाच मीटरांचे अंतर पडते. त्यामुळे ज्या पायरीशी काल होडी टेकली होती तिथे आज चिखल दिसतो. घड्याळाआधीच्या कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे बारानंतर किती तासांनी भरती पूर्ण होते ते कळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाला भरती. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, म्हणून पहाटे सुकती. धक्क्याशी पाणी भरलेले आणि त्यात दिव्यांचे प्रतिबिंब हवे असेल तर भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, दिवस धरावे. शिवडीचा उघडा चिखल, त्यातले आकाश पकडणारे पाण्याचे वळसे आणि मागे २०२४ साली खुला झालेला अटल सेतू असे चित्र मनात असेल तर पंचांगात पौर्णिमा पाहावी. रोहित पक्षी मात्र मेअखेर बहुतेक निघून गेलेले असतात. त्यांच्या आशेने जाणाऱ्याने लवकर जावे.

जागांविषयी थोडे. गेटवेच्या पायथ्याशी उभे राहून पाहिले तर हिवाळ्यात सूर्य उरणच्या बाजूने उगवतो. मेच्या मध्यापासून तो इतका उत्तरेकडे सरकलेला असतो की थेट घारापुरीच्या डोंगरामागून वर येतो, आणि त्या डोंगराच्या उंचीपायी पंचांगातल्या वेळेपेक्षा दोन-चार मिनिटे उशिरा दिसतो. ज्यांना बेट आणि बिंब एका चौकटीत हवे, त्यांना हे उन्हाळ्याचेच दिवस. १९२४ साली पुऱ्या झालेल्या या कमानीचा पिवळसर दगड पहिल्या किरणांत खुलतो खरा; पण तिचा दर्शनी भाग समुद्राकडे असल्याने जमिनीवर उभ्या असलेल्याला तो नीट दिसत नाही, आणि पर्यटकाच्या पदरी बहुधा काळी आकृती व कबुतरे एवढेच पडते. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर काका बॅप्टिस्टांच्या नावाचे उद्यान आहे. गोद्यांच्या याऱ्या, वखारींची छपरे आणि मागचे पाणी यांचा उंचावरून दिसणारा पट तिथल्याइतका सोयीने क्वचितच मिळेल.

पण माणसे हवी असतील तर १८७५ सालच्या ससून डॉकला पर्याय नाही. १ जूनपासून मासेमारीची पावसाळी बंदी लागत असल्याने मेच्या शेवटच्या आठवड्यांत तिथे विशेष धांदल असते. नौका एकमेकींना खेटून लागलेल्या, खलाशी क्रेट एका हातातून दुसऱ्या हातात फेकत आहेत, लिलावाचा पुकारा चालू आहे. आणि एका बाजूला ओल्या फरशीवर रांगेने बसलेल्या बाया कोळंबी सोलत आहेत. त्यांच्या हातांकडे जरा वेळ पाहावे. डोके मोडायचे, कवचाखाली अंगठा सारायचा, सोललेला दाणा एका घमेल्यात आणि टरफल दुसऱ्या बाजूला. मान वर होत नाही, गप्पा थांबत नाहीत. डोक्यावरच्या ट्यूबचा हिरवट उजेड त्यांच्या बोटांवर आणि दारातून येणारा निळा उजेड पाठीवर, असे दोन प्रकाश एकाच देहावर पडलेले तिथे दिसतात. मध्येच मागून खणखणीत आवाज येतो, "दादा, बाजूला व्हा, पाटी येतेय!" आणि व्हावेच लागते, ती जागा त्यांच्या पोटापाण्याची आहे, आपल्या हौसेची नव्हे. विचारल्यावाचून चेहऱ्यावर कॅमेरा रोखू नये. विचारले तर कुणी हसून पदर सावरते, कुणी सरळ नाही म्हणते. आणि नाही म्हणजे नाही.

सरकारी मनाईचेही भान हवे. नाविक गोदी, युद्धनौका, तेलाचे धक्के ही सारी संरक्षित हद्द. ससून डॉक आणि बंदर प्राधिकरणाच्या इतर आवारांतही छायाचित्रणास परवाना लागतो. पहाऱ्यावरच्या शिपायाशी हुज्जत घालण्यात सूर्योदय निघून जातो, तेव्हा कागद आदल्या दिवशीच खिशात असावा.

आणि शेवटी शहराच्या तोंडाचा प्रश्न उरतोच: जमिनीवरून पूर्वेस पाहिले तर सगळे काळ्या आकृतींत दिसते, शहर स्वतः उजळलेले दिसत नाही. त्यासाठी पाण्यात जावे लागते. लक्ष्मण हरिश्चंद्रजी ऊर्फ भाऊ अजिंक्य यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोऱ्याला सकाळी लाँच सुटतात. जाताना सूर्य समोर असतो. खरी कमाई परतीची. लाँचच्या पुढल्या टोकाला उभे राहावे, ऊन पाठीवर घ्यावे, म्हणजे गोद्यांच्या याऱ्या, घुमट, मनोरे आणि त्यांच्यामागचे नवे उंच इमले ओळीने उजळत पुढे येतात. तिपाई इथे निरुपयोगी, कारण इंजिनाच्या थरथरीने तीही थरथरते. शटरचा वेग वाढवावा आणि थोडे खरखरीत चित्र पत्करावे. मोऱ्याच्या धक्क्याशी गाळ साचलेला असल्यामुळे उधाणाच्या सुकतीला लाँच बंद ठेवाव्या लागतात, आणि पौर्णिमा-अमावास्येला ही सुकती नेमकी पहाटे येते. तेव्हा लाँचसाठी अष्टमीच्या आसपासचा दिवस धरावा आणि परतीची वेळ तिकिटाच्या खिडकीवरच विचारून ठेवावी.