छायाचित्र-मेटाडेटाची कोष्टकाद्वारे नोंद

छायाचित्राचे शीर्षक, वर्णन, विषयशब्द, स्थळ, दिनांक, छायाचित्रकार व हक्कधारक यांविषयीची जी माहिती चित्रासोबत नोंदविली जाते, तिला मेटाडेटा म्हणतात. तयार छायाचित्रे वापराचा परवाना देऊन ग्राहकांना पुरविण्याच्या व्यवसायास ‘स्टॉक फोटोग्राफी’ अशी संज्ञा आहे. या व्यवसायातील संस्थांचे संग्रह फार मोठे असल्यामुळे ग्राहक मुख्यतः शब्दांच्या साहाय्याने चित्र शोधतो. ज्या चित्राच्या नोंदीत योग्य शब्द नाही, ते संग्रहात असूनही नसल्यासारखेच असते. अनेक चित्रांची ही माहिती स्प्रेडशीट या संगणकीय कोष्टकात भरून एकाच वेळी संस्थेकडे पाठविण्याची पद्धत हल्ली रूढ आहे.

इतिहास : चित्राबरोबर माहिती ठेवण्याची गरज संगणकापूर्वीही होती. छापील प्रतीच्या पाठीवर मजकूर चिकटविणे आणि विषयवार कार्डे ठेवणे, हे तिचे जुने मार्ग होत. माहिती अपुरी राहिली तर काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण डोरोथिआ लँग यांच्या १९३६ मधील ‘मायग्रंट मदर’ या छायाचित्राचे आहे. कॅलिफोर्नियातील निपोमो येथे अमेरिकन शासनाच्या प्रकल्पासाठी टिपलेले हे चित्र जगभर छापले गेले. परंतु लँग यांनी त्या स्त्रीचे नाव नोंदविले नव्हते. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन असल्याचे १९७८ मध्ये लोकांना कळले. तोपर्यंत सु. चार दशके ती केवळ ‘एक स्थलांतरित माता’ होती.

१९६५ मध्ये स्थापन झालेल्या आयपीटीसी या वृत्तक्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९० नंतरच्या दशकात माहितीची प्रमाणित रचना प्रचारात आणली. तीमुळे वर्णन चित्राच्या फाइलमध्येच साठविता येऊ लागले. २००१ मध्ये अडोबी कंपनीने एक्सएमपी ही अधिक लवचिक रचना मांडली. एक्झिफ ही नोंद यांहून वेगळी आहे. कॅमेरा स्वतःच वेळ, छिद्रमान, उघडीप-काल इ. तांत्रिक तपशील तीत लिहितो. चित्रात काय आहे, हे मात्र माणसालाच लिहावे लागते.

कार्यपद्धती : कोष्टकाच्या पहिल्या ओळीत स्तंभांची नावे असतात व पुढील प्रत्येक ओळ एका चित्राची असते. अडोबी स्टॉक या संस्थेच्या कोष्टकात फाइलनाव, शीर्षक, विषयशब्द, वर्ग व संमतिपत्रे असे स्तंभ असतात. वर्ग क्रमांकाने दर्शवितात आणि विषयशब्द कमाल ४९ देता येतात. शटरस्टॉक या संस्थेत ही मर्यादा ५० आहे. कोष्टक सीएसव्ही स्वरूपात जतन करतात. या स्वरूपात दोन स्तंभ स्वल्पविरामाने विभागलेले असतात. विषयशब्दांमध्येही स्वल्पविरामच असल्याने तो संपूर्ण गट अवतरणचिन्हांत ठेवावा लागतो. प्रथम चित्रे व नंतर कोष्टक पाठविले असता संस्थेची संगणकप्रणाली फाइलनाव जुळवून प्रत्येक ओळ त्या त्या चित्रास जोडते. येथे छायाचित्रकाराजवळील मूळ फाइल कोरीच राहते. तिच्यातही माहिती लिहावयाची असल्यास एक्झिफटूलसारखी आज्ञावली वापरतात. तीही सीएसव्ही कोष्टक वाचू शकते.

दोष व दक्षता : चित्र आणि वर्णन यांना जोडणारा एकमेव दुवा म्हणजे फाइलनाव. कॅमेऱ्याने दिलेले चार अंकी क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होतात. म्हणून दोन वेगळ्या प्रसंगांच्या फाइलींना एकच नाव मिळू शकते. यासाठी आरंभीच दिनांक व स्थळ घालून फाइलींना नवी नावे देणे श्रेयस्कर ठरते. कोष्टकातील एकच स्तंभ अकारविल्हे लावल्यास फाइलनावे जागची हलतात, वर्णने मात्र तेथेच राहतात. एक दिनांक खालच्या घरांत ओढून भरताना तो प्रत्येक ओळीत एकेक दिवसाने वाढतो; एकाच दिवशी टिपलेली वीस चित्रे अशा रीतीने वीस दिवसांवर विखुरली जातात. अशा वेळी संगणक दोषाची सूचना देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने कोष्टक निर्दोषच असते. देवनागरी मजकूर असलेले कोष्टक यूटीएफ-८ संकेतनात जतन न केल्यास अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटू शकतात.

याहून गंभीर दोष अर्थाचा आहे. पंढरपूरच्या वारीची दोनशे चित्रे एकाच वेळी पाठविताना पहिल्या ओळीचे वर्णन सर्वांना लावण्याचा मोह होतो. मग आळंदीचे प्रस्थान, दिवेघाटाची चढण आणि वाखरीचे रिंगण ही सर्व ‘पंढरपूर’ या नावाखाली जातात, व पुढे एखाद्या पाठ्यपुस्तकात तीच चूक छापली जाते. म्हणून चित्रकाराचे नाव, हक्क व वर्ष यांसारखी सर्वांना समान असलेली माहितीच सरसकट भरावी. स्थळ, प्रसंग व व्यक्ती यांची नोंद चित्र पाहून स्वतंत्रपणे करावी. चित्रात नसलेल्या लोकप्रिय शब्दांची भर घातल्यास शोध दूषित होतो आणि संस्था चित्र नाकारू शकते. ओळखता येणाऱ्या व्यक्तीचे संमतिपत्र नसल्यास चित्र जाहिरातीसाठी न देता केवळ वृत्त व संपादकीय वापरासाठी द्यावे लागते. अशा चित्राच्या वर्णनात स्थळ व दिनांक अचूक असणे अत्यावश्यक होय.

कोष्टक पाठविण्यापूर्वी आरंभीची, मधली व अखेरची काही चित्रे उघडून त्यांच्या ओळींशी ताडून पाहणे, ही सर्वांत सोपी व खात्रीची तपासणी आहे. कोष्टकामुळे टंकनाचे श्रम वाचतात. प्रत्येक चित्र पाहण्याचे श्रम मात्र वाचत नाहीत. चित्र टिपणाऱ्याची आठवण पुसट झाल्यावर त्यातील माणसे व स्थळे ओळखण्यास ही एक ओळच उरते.