वाटाण्याचा अंकुर आणि एक मिनिटाचा चित्रपट

भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगताना आपण सामान्यतः ३ मे १९१३ या दिवसापासून आरंभ करतो. त्या दिवशी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांसमोर आला. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी दादासाहेबांनी एक इवलासा चित्रपट घडविला होता. त्यात राजा नव्हता, राणी नव्हती. किंबहुना एकही नट नव्हता. कुंडीत पेरलेला वाटाणा हाच त्याचा नायक! ‘अंकुराची वाढ’ हे त्याचे नाव. स्वतःच्या बळावर लघुपट काढू इच्छिणाऱ्याने जे धडे गिरवावयाचे, ते बहुतेक सारे या एका मिनिटात सामावले आहेत, असे एका शिक्षकास वाटले तर नवल नाही.

१९१२ साल उजाडले तेव्हा दादासाहेबांना बेचाळिसावे वर्ष चालू होते. छपाईचा धंदा सुटलेला, पदरी संसार, आणि चित्रपटांच्या ध्यासापायी डोळ्यांवर आलेले संकट नुकतेच टळलेले. अशा स्थितीत विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेतील काम त्यांनी डोळ्यांखालून घातले आणि विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी करून ते परतले. यंत्र हाती आले. पण पौराणिक चित्रपटास लागणारे भांडवल कोठून आणावयाचे? या देशात कोणी न केलेल्या उद्योगावर केवळ शब्दाखातर पैसा लावणार कोण? तेव्हा दादासाहेबांनी कुंडी पुढे ओढली.

पहिला धडा विषयाच्या निवडीचा. वाटाणा पगार मागत नाही, त्याला पोशाख लागत नाही, की प्रवासखर्च द्यावा लागत नाही. परंतु केवळ स्वस्त म्हणून ही निवड थोर ठरत नाही. हरिश्चंद्राची कथा रंगभूमीलाही दाखविता येत होती. महिनाभराची वाढ मिनिटात दाखविणे मात्र कोणत्याही रंगभूमीला शक्य नव्हते. जे कॅमेऱ्यावाचून दिसूच शकत नाही, तेच त्यांनी दाखविले. लघुपट म्हणजे मोठ्या चित्रपटाची आखूड केलेली प्रत नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे.

दुसरा धडा गणिताचा आणि धीराचा. दादासाहेबांनी महिनाभर रोज एक चित्र घेतले, असे सांगितले जाते. वाचकहो, पाटी घेऊन हिशेब करून पाहा. मूकपटाच्या काळी सेकंदाला सुमारे १६ चित्रे पडद्यावरून सरकत. म्हणजे ३० चित्रे दोन सेकंदांच्या आतच संपली असती! मिनिटभराच्या चित्रपटास ९६० चित्रे हवीत; महिन्याच्या हिशेबाने दिवसाला ३२. आख्यायिकेपेक्षा प्रत्यक्ष परिश्रम असे कितीतरी अधिक असतात. शिवाय या साऱ्या काळात कॅमेरा तसूभर हलता कामा नये, कुंडी सरकता कामा नये. नाहीतर पडद्यावर रोप उडी मारणार. प्रकाश कमीजास्त झाला तर चित्र लुकलुकणार. एकच वस्तू बदलावी आणि बाकी सारे स्थिर राहावे, तेव्हाच पाहणाऱ्याचे लक्ष त्या बदलावर खिळते. चांगल्या पाठाचाही नियम हाच आहे.

तिसरा धडा ‘स्वतंत्र’ या शब्दाविषयी. दादासाहेबांवर कोणी मालक नव्हता, या अर्थी ते स्वतंत्र खरे. परंतु एकटे नव्हते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत बसून कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडीत, फिल्म धुण्याच्या कामीही हात लावीत, आणि पुढे ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांनीच सांभाळला. मालक नसलेल्या निर्मात्याचे ओझे अखेर घरावर पडते. म्हणून असा उद्योग आरंभण्यापूर्वी घरातील माणसांना विश्वासात घेणे हा केवळ सौजन्याचा भाग नसून कामाचाच भाग आहे.

चौथा धडा हेतूचा. हा चित्रपट तिकीट लावून गल्ला जमविण्यासाठी काढलेला नव्हता. भांडवल देऊ शकतील अशा निवडक मंडळींना तो दाखविण्यात आला आणि यशवंतराव नाडकर्णी कर्ज देण्यास राजी झाले. ‘मी हे करीन’ या आश्वासनाच्या जागी ‘मी हे केले आहे’ हा पुरावा आला. त्या पुराव्यावर ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला.

आज प्रत्येकाच्या खिशातील टेलिफोनमध्ये कॅमेरा आहे. छिद्रे पाडणे नको, फिल्म धुणे नको. रोपाच्या वाढीची चित्रे ठरावीक अंतराने ते यंत्र आपणहून टिपते. तरीही अंकुर आपल्याच गतीने वर येतो आणि तोवर थांबावेच लागते. आपल्या घरातील मुलांना चित्रपट काढण्याची हौस असेल, तर त्यांना प्रथम एवढेच नेमून द्यावे: एक जागा, एक विषय, एक मिनिट. ते साधले, म्हणजे मोठ्या कथेची गोष्ट काढावी.