जीनचा प्रमोटर, नाद खुळा!

शिरोली एमआयडीसीत 'प्रमोटर' म्हटलं की कंपनी काढणारा मालक डोळ्यांसमोर येतो. झाडाच्या पेशीतला प्रमोटर म्हणजे डीएनएचा इवलासा तुकडा, पण रुबाब मालकाचाच. जीन हा फाउंड्रीतला पॅटर्न समजा. तो रॅकवर पडून राहिला तर कास्टिंग कुठून निघणार? कुठल्या शॉपमध्ये, कधी आणि किती नग ओतायचे, ही ऑर्डर काढतो तो प्रमोटर.

जीन बदललेल्या, म्हणजे जीएम पिकांतला सगळ्यात गाजलेला प्रमोटर आपल्याला फ्लॉवरच्या एका रोगाने दिला. नाव '३५ एस'. कोबी-मोहरीच्या कुळाला छळणारा या रोगाचा विषाणू झाडाच्याच यंत्रणेवर स्वतःचा माल काढून घेतो. शास्त्रज्ञांनी त्याची ही दांडगाई तेवढी उचलली, रोग तिथंच सोडला. नावातलं ३५ हा मॉडेल नंबर नव्हे. त्यावरून तयार होणारा आरएनए सेंट्रिफ्यूजमध्ये किती झपाट्याने खाली बसतो, त्याचं ते माप.

१९८६ साली काजव्याच्या जीनला ३५ एस जोडून तो तंबाखूत बसवला. वर काजव्याचं रसायन पाजलं, आणि रोप अंधारात चमकलं! पुढच्याच वर्षी कळलं, की या प्रमोटरचा एक भाग दुबार जोडला तर जोर सुमारे दसपट होतो. २००२ मध्ये जालन्याच्या महिकोकडून आलेल्या बीटी कापसात बोंडअळीविरुद्धचा जीन अशाच दुबार ३५ एसच्या हुकमावर चालतो.

मग प्रश्न मिटला? कुठला! नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं, की या जीनचं प्रथिन पानांत भरपूर, पण फुलातल्या बीजकोशात आणि हिरव्या बोंडाच्या सालीत सगळ्यात कमी. झाडाचं वय वाढेल तसं तेही उतरत जातं. बोंडअळी खाते काय, तर बोंड! पहारेकरी दणकट, उभा मात्र भलत्याच दारात.

अती जोराचीही फजिती होते. १९९० मध्ये अमेरिकेत पेटुनियाची फुलं आणखी गडद जांभळी करायला रंगाचा जादा जीन ३५ एससकट घातला. काही झाडांना फुलं आली पांढरीफटक! झाडाने जादा जीनबरोबर स्वतःचाही बंद करून टाकला होता.

याउलट डीएमएच-११ या जीएम मोहरीतला तंबाखूचा प्रमोटर. तो फक्त परागकोशाच्या आतल्या थरात जागा होतो. त्याच्या ताब्यातला जीन पेशी मारणारा आहे. तोच ३५ एसच्या हाती दिला असता तर अख्खं रोप गेलं असतं. मला विचाराल तर या सगळ्यांत उस्ताद हाच.

आता आपला ऊस. हा मक्या-भाताच्या गोतातला, त्याच्यापुढे ३५ एसची डाळ फारशी शिजत नाही. म्हणून प्रयोगांत मक्याचा युबिक्विटिन प्रमोटर वापरतात. ब्राझीलने २०१७ मध्ये बीटी उसाला मंजुरीही दिली. आपल्याकडे लागवडीला परवानगी असलेल्या जीएम उसाचं एकही वाण नाही. तेव्हा हायवेकडच्या रसवंतीत बसला असाल तर ग्लासात मक्याचं काही शोधू नका. आलं-लिंबू तेवढं सापडेल.