रणगाड्याच्या पोटाखालून
रामा राघोबा राणे. जन्म १९१८ चा, कारवारजवळच्या चेंडिये गावातला. १९४० मध्ये सैन्याच्या बॉम्बे इंजिनियर्समध्ये भरती, मग ब्रह्मदेशची आघाडी आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारपद.

एप्रिल १९४८ मध्ये, काश्मीरच्या युद्धात, नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांची वाट सुरुंगांनी आणि आडव्या पाडलेल्या झाडांनी अडवली होती. वरून गोळ्यांचा मारा. जखमी सेकंड लेफ्टनंट राणे रणगाड्याखाली शिरले आणि त्याच्यासोबत सरपटत पुढे गेले. चालकाला इशारा दोन दोऱ्यांनी : एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल! छातीइतकेच या इंजिनियरचे डोकेही थोर. परमवीरचक्र हयातीत मिळवणारे ते पहिले वीर. १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. १९९४ मध्ये पुण्यात निधन.